आईची नापास विडी आणि तुझा सेमिनार पेपर

आदरणीय मॅडम,

मी सोलापुरात एलएल.एम.च्या पहिल्या वर्षाला आहे. घरात तेलुगू, शाळा मराठी, एलएल.बी.चे पेपरही मराठीतूनच लिहिले. आई २५ वर्षं विड्या वळते, पप्पा यंत्रमागावर आहेत. पहिल्या सेमिनारला मी ‘विडी कामगारांचे कायदेशीर हक्क : एक चिकित्सक अभ्यास’ हा विषय घेतला. ४२ पानं लिहिली. सगळे कायदे घातले, अकरा निकाल घातले. चूक होऊ नये म्हणून निकालांतले उतारे जसेच्या तसे उतरवले. सरांनी पेपर परत दिला. वर लाल पेनानं दोनच शब्द : ‘प्रश्न काय?’ त्या रात्री झोप लागली नाही. इंग्रजी जजमेंट वाचायला बसले की चौथ्या पानावर मी हरवते. वर्गातली मुलं म्हणतात, एआयला विचार, दहा मिनिटांत होतं. संशोधन, लेखन, अर्थविवरण असं सगळं शिकवतात, पण सुरुवात कुठून करायची ते कुणी सांगत नाही. पप्पा म्हणतात, सनद मिळाली आहे ना, मग कोर्टात बस. पेपर सोबत जोडला आहे. मी काय करू?

– एक विद्यार्थिनी, विडी घरकुल, सोलापूर

अगं, तुझे सर भले आहेत. ४२ पानं वाचून ‘प्रश्न काय?’ लिहायला आधी ती ४२ पानं वाचावी लागतात. पहिलं पान आणि शेवटचं पान बघून ‘चांगला प्रयत्न’ लिहिणारे मी पुष्कळ पाहिलेत.

मीही तुझा पेपर वाचला, दोनदा. आधी शीर्षकातले ‘चिकित्सक अभ्यास’ हे शब्द खोड. ते एकदा लिहिले की चिकित्सा झाली असंच वाटायला लागतं आणि ती करायची राहून जाते. तुझ्याकडे विषय आहे, प्रश्न नाही. ‘विडी कामगारांचे हक्क’ म्हणजे सोलापूरचा अख्खा पूर्व भाग झाला. गल्ली सांगितल्याशिवाय रिक्षावालासुद्धा येत नाही. प्रश्न असा असतो : कारखान्यातून पान-तंबाखू घरी आणून विड्या वळणारी बाई कायद्याच्या नजरेत त्या कारखान्याची कामगार आहे का, आणि ते कशावरून ठरवायचं? याला कुणी हो म्हणेल, कुणी नाही म्हणेल, आणि दोघांकडेही कागद असतील. ज्यावर भांडताच येत नाही त्यावर पेपर लिहू नये. ‘विडी कामगारांना न्याय मिळाला पाहिजे’ याच्या विरोधात कोण उभं राहणार आहे?

संशोधन, लेखन आणि अर्थविवरण विद्यापीठ वेगवेगळं शिकवतं, कारण गुणपत्रिकेला रकाने लागतात. टेबलाशी बसल्यावर ते एकच काम असतं. कायद्यातला एक शब्द धरायचा आणि त्याचा माग काढायचा. तो आधी कुठे होता, कुठल्या कोर्टानं तो कसा वाचला, मग विधिमंडळानं त्यात काय भर घातली, आज तो कुठे आहे. तुझा शब्द ‘कामगार’. तुझ्याच विषयावर मी हे करून दाखवते. नंतर तू स्वतः, माझ्याशी न जुळणाऱ्या वाटेनं, पुन्हा करायचं.

बेअर अॅक्ट, म्हणजे टीकाटिप्पणीशिवाय नुसता कायद्याचा मजकूर, काढ. सरकारच्या ‘इंडिया कोड’ संकेतस्थळावर केंद्रीय कायदे फुकट मिळतात, पण पहिलं वाचन छापील कागदावर आणि पेन्सिल घेऊन कर. कारखाने अधिनियम, १९४८ मधली ‘वर्कर’ची व्याख्या वाच, मोठ्यानं वाच. तिचा गाभा असा : उत्पादन प्रक्रियेत, थेट किंवा कुणामार्फत, कामावर ठेवलेली व्यक्ती. ‘कामावर ठेवलेली’ या दोन शब्दांखाली रेघ मार. पुढची सगळी भांडणं तिथून सुरू होतात. आता शेजारी विडी व सिगार कामगार (रोजगाराच्या शर्ती) अधिनियम, १९६६ ठेव आणि त्यातली ‘एम्प्लॉयी’ची व्याख्या वाच. आधी ‘म्हणजे’ म्हणून एक अर्थ दिलाय. मग ‘आणि यात समाविष्ट’ म्हणून पुढे सांगितलंय की मालकानं किंवा कंत्राटदारानं दिलेल्या कच्च्या मालातून घरी विड्या करणारा मजूरही यात येतो. त्याला नावच दिलंय, ‘होम-वर्कर’. तुझी आई कायद्यात शिरली ती या दारातून.

‘म्हणजे’ आणि ‘यात समाविष्ट’ हा फरक तुझ्या ४२ पानांत कुठेच नाही, आणि मला सगळ्यात जास्त तोच खटकला. व्याख्येत नुसतं ‘म्हणजे’ असेल तर कुंपण घातलं गेलं, बाहेरचं आत आणता येत नाही. नुसतं ‘समाविष्ट’ असेल तर शब्दाचा नेहमीचा अर्थ राहतोच आणि वर आणखी काही आत घेतलं जातं. दोन्ही एकत्र आले तर मसुदा करणाऱ्यानं एक घर बांधलं आणि त्याला मुद्दाम एक खोली जोडली. ती खोली का जोडावी लागली, हा संशोधनाचा प्रश्न. आणि हो, व्याख्यांच्या कलमाच्या अगदी सुरुवातीला ‘संदर्भावरून वेगळा अर्थ अपेक्षित नसेल तर’ अशा धर्तीचे शब्द असतात. विद्यार्थी ते वाचत नाहीत. समोरचा वकील वाचतो.

कायद्यात इंग्रजीत ‘ही’ लिहिलंय, मग बायकांचं काय, असं तू नवव्या पानावर हळहळून लिहिलंयस. हळहळू नकोस. सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७, कलम १३ उघड : पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही येतात. राज्याच्या कायद्यांसाठी असाच वेगळा अधिनियम १९०४ चा आहे. हे दोन पातळ कायदे मी अजून टेबलावर ठेवते. अर्ध्या शंकांची उत्तरं तिथे मिळतात आणि ती शोधायला कुणी जात नाही.

आता निकाल. इथे माझी एक फजिती सांगते, कारण तुझ्या सोळाव्या पानावर तीच होता होता राहिली आहे. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मी एका कामगार प्रकरणात लेखी युक्तिवाद दिला. त्यात चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा विडीवरचा निकाल टाकला. निकालांचे सारांश देणाऱ्या डायजेस्टमधून चार ओळी उचलल्या, सायटेशन (निकाल कुठल्या खंडात, कुठल्या पानावर छापलाय तो संदर्भ) दुसऱ्या एका ठिकाणाहून घेतलं, खंड उघडलाच नाही. समोरचे वकील वयस्क होते. ते शांतपणे उठले आणि मी दिलेल्या पानावरचा निकाल वाचायला लागले. तो शेतीच्या हंगामाबद्दल होता. कारण चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश या नावाचे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल दोन आहेत आणि दोन्ही विड्यांबद्दलच आहेत! एआयआर १९५१ एससी ११८ (म्हणजे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चा १९५१ चा खंड, सर्वोच्च न्यायालय विभाग, पान ११८) मध्ये प्रश्न होता की शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून विडी उद्योगावर सरसकट बंदी घालता येते का. न्यायालय म्हणालं, अनुच्छेद १९ मधल्या व्यवसायस्वातंत्र्यावरचं हे बंधन वाजवी नाही. एआयआर १९५८ एससी ३८८ मध्ये प्रश्न वेगळाच. कारखान्याकडून माल घेऊन विड्या करून आणणारे सट्टेदार हे कारखाने अधिनियमाखालचे कामगार आहेत का? उत्तर आलं, नाहीत, ते स्वतंत्र कंत्राटदार आहेत. मला दुसरा हवा होता आणि मी पहिला दिला. न्यायाधीश काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्या दिवसापासून खंड उघडल्याशिवाय मी सायटेशन लिहीत नाही.

सायटेशनमधलं वर्ष म्हणजे निकालाचं वर्ष, असंही धरून चालू नकोस. एआयआर १९५१ मधला तो निकाल नोव्हेंबर १९५० चा आहे. दिवाण मोहिद्दीन साहेब हा निकाल एआयआर १९६६ एससी ३७० वर छापलाय, पण दिला गेला १९६४ मध्ये. तू लिहिलंयस की ‘१९६६ चा कायदा आल्यानंतर न्यायालयाने हा निकाल दिला’. झालं, सगळा क्रम उलटा! कोर्टानं आधी म्हटलं आणि संसदेनं नंतर केलं, की संसदेनं केलं म्हणून कोर्टानं म्हटलं, यावर तर तुझा पेपर उभा राहायचा आहे.

क्रम लावून बघ. १९५८ ला सट्टेदार बाहेर. १९६१ च्या खंडात बिर्धीचंद शर्मा (एआयआर १९६१ एससी ६४४). कारखान्यात येऊन विड्या वळणारे, मनाला येईल तेव्हा येणारे-जाणारे, नगावर पैसे घेणारे मजूर; ते कामगार ठरले. पुढच्याच वर्षीच्या खंडात शंकर बालाजी वाजे (एआयआर १९६२ एससी ५१७). तेही कारखान्यात येऊन विड्या वळणारं माणूस, तरीही बहुमतानं सांगितलं की कामगार नाही, कारण यायचं-जायचं आणि किती वळायचं यावर मालकाचा ताबा नव्हता. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी विरुद्ध मत दिलं. मग १९६४ चा दिवाण मोहिद्दीन साहेब. तिथे मद्रासकडचे मधले कंत्राटदार नावापुरते निघाले आणि त्यांच्याकडे विड्या वळणारे मजूर हे मालकाचेच कामगार ठरले, पण औद्योगिक विवाद अधिनियमाखाली. त्यानंतर १९६६ चा कायदा. त्याला मालकांनी आव्हान दिलं, ते मंगलोर गणेश बिडी वर्क्स (एआयआर १९७४ एससी १८३२), कायदा टिकला. आणि १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स, त्यात घरी वळणाऱ्यांना भविष्य निर्वाह निधी लागू झाला.

तुझ्या अकरा निकालांत यातले सहा आहेत. पण ते तू रांगेत उभे केलेस, एकमेकांशी बोलायला लावले नाहीस. बिर्धीचंद आणि वाजे यांत कोर्टानं एक निकाल दुसऱ्यापासून वेगळा कसा काढला, हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून बघ. यालाच आपल्याकडे ‘डिस्टिंग्विश करणं’ म्हणतात, आणि वकिलीचं निम्मं पोट त्यावर भरतं. आधीचा निकाल चुकला असं न म्हणता, ‘तिथली वस्तुस्थिती निराळी होती’ म्हणून बाजूनं वाट काढायची.

आता तुझ्या पेपरातलं मला सर्वात आवडलेलं वाक्य. ते ३१ व्या पानावर, भावनेच्या भरात आणि बिनासंदर्भाचं आलंय : ‘आईच्या काही विड्या रोज नापास करतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत.’ तुला वाटलं ही घरची व्यथा. अगं, हा तर पुरावा आहे. बिर्धीचंदमध्ये कोर्ट म्हणालं की विडी वळणं हे साधं काम, त्यावर सतत कुणी डोळा ठेवून बसायची गरज नाही. दिवसाच्या शेवटी बरोबर नसलेल्या विड्या नाकारणं हीच देखरेख. पी. एम. पटेलमध्ये घरी वळलेल्या विड्यांबाबतही नाकारण्याचा हा अधिकार मालकाच्या ताब्याची खूण म्हणून वाचला गेला. वाजेमध्ये मात्र बहुमताला तेवढं पुरेसं वाटलं नाही. एकच नापास विडी, आणि तिचे दोन अर्थ. तुझा सगळा पेपर या एका विडीवर लिहून होईल. वीस पानं पुरतील.

चौथ्या पानावर हरवतेस ते इंग्रजीमुळे कमी आणि क्रमामुळे जास्त. जजमेंट कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचायचं नसतं. आधी शेवट वाच : अपील मंजूर की फेटाळलं? मग सुरुवातीची हकीकत : कोण कुणाविरुद्ध, काय मागत होतं? मग ‘प्रश्न असा आहे की’ अशा अर्थाचं वाक्य शोध. बहुतेक निकालांत ते असतं आणि इंग्रजीत ते अगदी साधं असतं. ते सापडलं की मधली पानं त्याच प्रश्नाचं उत्तर शोधत वाच. मधे वकिलांचे युक्तिवाद येतात. ते कोर्टाचं मत नव्हे. तुझ्या २२ व्या पानावर ‘सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे’ म्हणून जो उतारा आहे ना, तो हरलेल्या बाजूच्या वकिलाचा युक्तिवाद आहे. अशी चूक ज्येष्ठ वकिलांकडूनही होताना मी पाहिली आहे, त्यामुळे फार मनाला लावून घेऊ नकोस. पण पुन्हा करू नकोस. वर छापलेली हेडनोटही निकालाचा भाग नसते, ती संपादकानं केलेली असते. वाट दाखवायला ठीक, उद्धृत करायला नाही.

प्रत्येक निकालाचं एक पान करायचं, मराठीत. वस्तुस्थिती चार ओळी, प्रश्न एक ओळ, उत्तर एक ओळ, उत्तराचं कारण पाच-सहा ओळी, आणि खाली ‘मला काय पटलं नाही’ म्हणून मोकळी जागा. ज्या कारणाशिवाय निकाल तसा लागलाच नसता ते कारण म्हणजे रेशो. अनुच्छेद १४१ प्रमाणे खालच्या न्यायालयांना बांधतं ते हे. जाता जाता न्यायमूर्ती आणखी बरंच काही सुंदर बोलतात. ते ऑबिटर. त्याचा मान ठेवायचा, पण त्यावर घर बांधायचं नाही. ‘पटलं नाही’ची जागा पहिले महिनाभर रिकामीच राहील. मग एक दिवस भरेल. एलएल.एम.ला आल्याचा उपयोग झाला, हे तुझं तुलाच कळेल.

इंग्रजी शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ जवळ ठेव. ‘ई-एससीआर’ या संकेतस्थळावर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल फुकट आहेत, काहींची मराठी भाषांतरंही आहेत. भाषांतर समजायला घे, पण उद्धृत करताना मूळ इंग्रजीच. तीन भाषांत वाढलीस हे तू पत्रात तक्रारीसारखं लिहिलंयस. मला ते तसं वाटत नाही. एका शब्दाला तीन ठिकाणी तीन छटा असतात हे ज्याला घरबसल्या माहीत आहे, त्याला अर्थविवरण शिकवणं सोपं जातं.

अर्थविवरणाच्या नियमांवर तू सहा पानं खर्च केलीस : शब्दशः नियम, सुवर्ण नियम, अपाय नियम, मग लॅटिन सूत्रं. सगळं पाठ्यपुस्तकातलं आणि एकही नियम विडीला लावलेला नाही. सहाही पानं काढून टाक. अपाय नियम ज्यातून आला त्या १५८४ च्या हेडनच्या खटल्यातले चारच प्रश्न घे आणि तुझ्या १९६६ च्या कायद्याला विचार. आधी कायदा काय होता? त्यात उणीव कोणती राहिली होती? संसदेनं उपाय काय केला? त्या उपायामागचं खरं कारण काय? उत्तरं शोधायला विधेयकाचं उद्देश व कारणांचं निवेदन वाच. त्यात स्पष्ट लिहिलंय की या उद्योगात माल कंत्राटदारांमार्फत आणि घरोघरी वाटून काम करून घेतात, आणि कारखाने अधिनियम लावताना अडचणी आल्या. म्हणजे १९५८ ते १९६४ मध्ये कोर्टात जी दमछाक झाली तीच संसदेनं पाहिली आणि ‘समाविष्ट’ची खोली जोडली.

आणि पी. एम. पटेलसाठी भविष्य निर्वाह निधी अधिनियम, १९५२ मधली व्याख्या शब्द मोजून वाच. तिथे ‘आस्थापनेच्या कामात’ एवढंच नाही, ‘कामात किंवा कामासंबंधात’ असं आहे. त्या ‘संबंधात’ला धरून कोर्टानं घरात बसलेल्या बाईपर्यंत हात पोचवला. ‘कल्याणकारी कायदा आहे, उदार अर्थ लावा’ हे तू सात वेळा लिहिलंयस. उदार अर्थ लावायलासुद्धा कायद्यात एखादा शब्द लागतो. नसलेला शब्द कोर्ट घालत नाही, निदान घालू नये.

तुझ्या पेपरात खरी मोठी चूक मात्र एकच आहे आणि ती अर्थाची नाही, तारखेची आहे. १९६६ चा कायदा तू वर्तमानकाळात लिहिलायस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही श्रमसंहिता लागू झाल्या, आणि व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० नं जे तेरा कायदे आपल्यात ओढून रद्द केले त्यात हाही आहे. भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा कायदाही सामाजिक सुरक्षा संहितेच्या पोटात जातो. ऐकून दचकू नकोस. तुझा पेपर यानं मेला नाही, उलट आत्ता कुठे त्यात जीव आला. जुन्या व्याख्या एका रकान्यात, संहितांमधल्या व्याख्या दुसऱ्या रकान्यात, शब्दाला शब्द लाव. कुठला शब्द गेला, कुठला आला, कुठला दुसऱ्या व्याख्येत जाऊन बसला? ‘संबंधात’चं काय झालं? जुन्या कायद्याखाली तयार झालेले हक्क आणि चालू खटले यांचं काय, ते संहितांमधल्या वाचवणुकीच्या कलमांत आणि सर्वसाधारण खंड अधिनियमाच्या कलम ६ मध्ये बघ. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा बाररूममध्ये हेच चाललं होतं. खुनाला ३०२ म्हणायची सवय लागलेली तोंडं अजून १०३ म्हणताना अडखळतात. म्हणून कुठलंही काम सुरू करताना पहिला प्रश्न : हा कायदा आज जिवंत आहे का? आणि दुसरा, जो विद्यार्थी विसरतात : माझ्या प्रकरणातली घटना घडली त्या दिवशी कुठला जिवंत होता?

निकालांचंही तसंच. तो नंतर उलटवला गेला का, मोठ्या पीठानं काही वेगळं म्हटलं का, हे पाहिल्याशिवाय वापरायचा नाही. ‘इंडियन कानून’ या संकेतस्थळावर तो निकाल पुढे कुठे कुठे उल्लेखला गेला याची यादी मिळते, तिथून सुरुवात कर. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाल्यापासून एक-दोन ज्युनियरांनी मला विचारलं की आता मुंबईचे जुने निकाल आपल्याला लागू आहेत का. बाबांनो, उच्च न्यायालय एकच आहे, बसण्याची जागा वाढली.

आता लेखन. तुझं पहिलं वाक्य : ‘विडी कामगार हा समाजातील अत्यंत दुर्लक्षित घटक असून त्यांच्या हक्कांचे संरक्षण होणे ही काळाची गरज आहे.’ यातून मला काय नवीन कळलं? त्याऐवजी हे बघ : ‘घरी विड्या वळणारी स्त्री कारखाने अधिनियमाच्या व्याख्येत बसवताना अडचण आली, भविष्य निर्वाह निधीच्या व्याख्येत ती बसली. हा फरक दोन व्याख्यांतल्या शब्दांमुळे पडला, आणि विडी नाकारण्याचा मालकाचा अधिकार दोन्हीकडे निर्णायक ठरला नाही, असं मी दाखवणार आहे.’ हे पटो न पटो, वाचणारा सावरून बसतो. ‘काळाची गरज’ हा शब्दप्रयोग तू एलएल.बी.च्या गाइडांमधून घेतलास, तो तिथेच परत ठेव.

उतारे जसेच्या तसे देणं ही सावधगिरी नाही. त्यानं एवढंच कळतं की तुला काय म्हणायचंय ते अजून ठरलेलं नाही. जिथे शब्दावरच वाद आहे तिथे तेवढाच शब्द किंवा वाक्य अवतरणात दे, परिच्छेद क्रमांकासह. बाकी तुझ्या भाषेत सांग आणि तळटीप दे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरतात, त्यापुढे कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. तुझे उतारे अवतरणचिन्हांशिवाय आहेत हे लक्षात आलं का? तुझ्या मनात चोरी नाही, पण ते मशीनला कसं कळणार?

एआयचं म्हणशील तर शब्दाचा अर्थ, वाक्याची फोड, यासाठी विचार हवं तर. निकाल मागू नकोस. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी असल्या यंत्रानं दिलेले निकाल कोर्टात टाकले. ते निकाल कधी दिलेच गेले नव्हते. पाच हजार डॉलर दंड झाला. माझ्या वेळी निदान दोन्ही चिंतामणराव खरे तरी होते.

पप्पांचं ऐक, अर्धं. आठवड्यातून एक दुपार कामगार न्यायालयात मागच्या बाकावर जाऊन बस. न्यायालय उघडं असतं, ऐकायला कुणाची परवानगी लागत नाही. साक्षीत वकील मालकाच्या मॅनेजरला काय विचारतात ते लिहून घे. ‘माल कोण देतं? परत कोण घेतं? खराब निघाला तर कोण ठरवतं?’ हे प्रश्न ऐकलेस की बिर्धीचंदचं पान तुला पुन्हा उघडावंसं वाटेल. बाररूमच्या लायब्ररीत एआयआरचे जुने खंड आहेत, धुळीचे असले तरी. एखाद्या ज्येष्ठ वकिलांना विनंती कर, हाकलून देणारे कमी असतात.

आईच्या मुलाखतीचं परिशिष्ट तू जोडलंयस, ते सध्या बाजूला ठेव. ते वाईट नाही, चांगलंच आहे. पण आधी कायद्याचं काम पुरं होऊ दे, नाहीतर वाचणारा आईकडे बघत बसेल आणि तुझा मुद्दा निसटेल. पुढे प्रबंधाला क्षेत्रकार्य घेशील तेव्हा ते काढ. तेव्हा मात्र आईला आधी विचार, तिचं नाव आणि कारखान्याचं नाव छापलेलं तिला चालेल का. ती अजून तिथेच विड्या देते.

आत्ता एवढंच कर : बिर्धीचंद आणि वाजे, दोन्ही पूर्ण वाचून प्रत्येकी एक पान. मग तिसरं पान, त्या दोन निकालांत नाकारलेल्या विडीला काय वजन मिळालं ते सांगणारं, तुझ्या मराठीत. सरांना आधी दाखव, मला नंतर पाठव. आणि हो, पान पाठवताना वर शीर्षक लिहू नकोस. प्रश्न लिही.